आधी चष्मा, मग लेसरचा विचार

मागच्या महिन्यात रविवारची वंदना झाल्यावर आम्ही विहारात डोळे तपासणीचा छोटा कार्यक्रम ठेवला होता. भिंतीला अक्षरांचा तक्ता टांगलेला, समोर सतरंजीवर लहानमोठ्यांची रांग. बारावीतल्या एका मुलीला तक्त्यावरची पहिली मोठी ओळ सोडली तर काहीच वाचता येईना. आम्ही विचारलं, चष्मा आहे का? ती खाली बघू लागली. आईच बोलली, "चष्मा आहे हो, मायनस चारचा. पण मीच सांगते, घरात लाव, बाहेर नको. उद्या पाहुणे बघायला आले की चष्म्यावरून नाट लागते. बचत गटातून कर्ज काढते आणि लेसर करून टाकते. किती दिवसांत नंबर जातो, तेवढं सांगा."

मुलीचं वय सतरा. वर्गात ती मागच्या बाकावर बसते आणि फळ्यावरचं मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेते. आणि ज्या भिंतीपाशी माय-लेकी उभ्या होत्या, त्याच भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. डोळ्यांवर गोल काचांचा चष्मा.

आम्ही फक्त त्या फोटोकडे बोट दाखवलं. ताई हसल्या, म्हणाल्या, "त्यांची गोष्ट वेगळी."

ती गोष्ट वेगळी नाही, असं आमचं मत आहे आणि ते मांडायलाच हे पान आहे. लेसर हे चांगलं शास्त्र आहे. त्याला घाबरायचं कारण नाही. पण ते चष्म्याची लाज झाकायचं साधन नाही. ज्याला नंबर आहे त्याला आज चष्मा मिळाला पाहिजे. लेसरचा विचार त्यानंतर, योग्य वयात, पूर्ण माहिती घेऊन आणि परवडत असेल तरच करावा. हा क्रम उलटा झाला की पोरांचं नुकसान होतं.

नंबर म्हणजे नेमकं काय?

दहावीच्या विज्ञानात डोळ्याची आकृती असते, ती आठवा. डोळा म्हणजे साधारण २४ मिलिमीटर लांबीचा गोळा. त्याच्या अगदी पुढे, घड्याळाच्या काचेसारखा, पारदर्शक पडदा असतो. पुस्तकात त्याला पारपटल म्हणतात, डॉक्टर कॉर्निया म्हणतात. बाहेरून आलेला प्रकाश सर्वांत जास्त इथेच वाकतो, म्हणजे एकूण कामाचा जवळपास दोन तृतीयांश भाग हा पडदा करतो. उरलेलं काम आतलं भिंग करतं. मग प्रकाश मागच्या दृष्टिपटलावर नेमका एकत्र येतो आणि आपल्याला स्पष्ट दिसतं.

डोळ्याचा गोळा थोडा लांब झाला तर प्रकाश पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतो. जवळचं दिसतं, लांबचं धूसर होतं. हा मायनस नंबर. गोळा फक्त एक मिलिमीटर जास्त लांब झाला तरी साधारण अडीच ते तीन नंबर लागतो. गोळा आखूड असेल तर प्लस नंबर. आणि कॉर्नियाचा बाक सगळीकडे सारखा नसेल, चमच्याच्या पाठीसारखा एका बाजूने जास्त वळलेला असेल, तर सिलेंडरचा नंबर.

यात कुणाची चूक नाही. हा पूर्वजन्मीचा भोग नाही, आईने गरोदरपणी काही खाल्लं म्हणून झालेलं नाही आणि चष्मा लावल्याने नंबर वाढतो हेही खरं नाही. वाढत्या वयात मुलाची उंची वाढते तसा डोळाही वाढतो, म्हणून नंबर वाढतो. चष्मा लावला नाही तरी तो वाढणारच. फरक एवढाच की मधली वर्षं पोर धूसर जगात काढतं.

लेसर काय करतो?

चष्म्याची काच प्रकाश डोळ्यात शिरायच्या आधीच हवा तेवढा वाकवते. लेसरमध्ये तेच काम कॉर्नियाकडून करून घेतात. मायनस नंबर असेल तर कॉर्नियाचा मधला भाग किंचित सपाट करतात. प्लस असेल तर कडेचा भाग कमी करून मधला बाक वाढवतात. सिलेंडर असेल तर एका दिशेने जास्त, दुसऱ्या दिशेने कमी. थोडक्यात, जी काच नाकावर बसायची तिचा आकार डोळ्याच्या पडद्यालाच देतात.

यासाठी वापरतात त्या लेसरचं नाव एक्झायमर. त्याची गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगा. मद्रासमध्ये जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन हे रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. तिथल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की पक्षी रांधतात. १९८१ च्या नोव्हेंबरात सणाच्या दुसऱ्या दिवशी ते जेवणातले उरलेले तुकडे घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि त्यांवर हा लेसर मारून बघितला. नेमका छेद गेला आणि आजूबाजूचा भाग जराही करपला नाही. हा लेसर अतिनील किरणांचा असतो. तो जाळत नाही, रेणूंमधले जोड तोडून अतिशय पातळ थर उडवून लावतो. पुढे १९८३ मध्ये डॉ. स्टीफन ट्रोकेल यांच्याबरोबर प्राण्यांच्या डोळ्यांवर प्रयोग झाले आणि १९९५ मध्ये अमेरिकेत नंबर घालवण्यासाठी या लेसरला सरकारी मान्यता मिळाली.

आता थोडा हिशेब. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर एका भागाला मायक्रॉन म्हणतात. कॉर्निया मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. एक नंबर घालवायला त्यातले बारा ते पंधरा मायक्रॉन उडवावे लागतात. पाच नंबरला साठ-सत्तर मायक्रॉन, म्हणजे सुमारे एका केसाची जाडी. एवढ्या बारीक कामावर सगळा खेळ आहे.

पद्धती मुख्य तीन. पहिली पीआरके. यात कॉर्नियावरची नाजूक साल बाजूला करून लेसर मारतात आणि वर पट्टीसारखी लेन्स ठेवतात. साल चार-पाच दिवसांत पुन्हा येते. तोपर्यंत डोळा चांगलाच दुखतो, पाणी येतं आणि नजर बसायला काही आठवडे लागतात. दुसरी लेसिक. यात कॉर्नियाचा साधारण ११० मायक्रॉनचा वरचा थर पुस्तकाच्या पानासारखा उचलतात, खाली लेसर मारतात आणि पान परत जागेवर ठेवतात. दुखणं कमी आणि दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी दिसतं. तिसरी स्माइल. यात दुसऱ्या प्रकारच्या लेसरने कॉर्नियाच्या आतच पातळ चकती कापतात आणि छोट्याशा छेदातून ती बाहेर काढतात.

तिन्हींत भूल फक्त थेंबांची. सुई नाही, टाके नाहीत. माणूस जागा असतो आणि समोरच्या दिव्याकडे बघत राहतो. एका डोळ्यावर प्रत्यक्ष लेसर चालतो तो एखादा मिनिट, कधी त्याहून कमी. त्याच दिवशी घरी सोडतात. त्यामुळे "लेसरने डोळा जातो" ही भीती मनातून काढा. योग्य डोळ्यावर, योग्य हाताने केलेलं हे काम बहुतेकांना वर्षानुवर्षं चष्म्याशिवाय ठेवतं.

योग्य डोळा कुणाचा?

वरचं एक वाक्य पुन्हा वाचा: योग्य डोळ्यावर. प्रत्येक डोळा योग्य नसतो.

पहिली अट वयाची. अठराच्या आत हे करत नाहीत आणि अठरा झाली म्हणजे लगेच करावं असंही नाही. निदान एक वर्ष नंबर स्थिर हवा. आज लेसर केला आणि डोळा वाढतच राहिला तर दोन वर्षांत चष्मा परत येतो. उडवलेला कॉर्निया मात्र परत येत नाही. म्हणून त्या सतरा वर्षांच्या मुलीला आज कुणीही लेसर करू नये, कर्ज मिळत असलं तरीही.

दुसरी अट जाडीची. वरचाच हिशेब घ्या. कॉर्निया ५४० मायक्रॉन, नंबर पाच. लेसिकचं पान ११०, लेसरला ७०, खाली उरले ३६०. चालेल. पण कॉर्निया ४७० आणि नंबर नऊ असेल तर? पान ११०, लेसरला सव्वाशेच्या आसपास, खाली उरले सव्वादोनशे ते अडीचशे. डॉक्टर खालचा भाग निदान अडीचशे ते तीनशे मायक्रॉन ठेवायला सांगतात. त्याहून पातळ झाला तर कॉर्निया फुगून पुढे येऊ शकतो आणि नजर कायमची बिघडते. अशा वेळी जो डॉक्टर "तुम्हाला लेसर नको" म्हणतो, तो तुमचं गिऱ्हाईक सोडतो पण तुमचा डोळा वाचवतो. त्याच्यावर रागावू नका.

तिसरी अट आकाराची. काहींचा कॉर्निया मुळातच शंकूसारखा पुढे येत असतो. त्याला केराटोकोनस म्हणतात. धुळीची अ‍ॅलर्जी आणि सतत डोळे चोळण्याची सवय असलेल्या मुलांत याचा धोका जास्त. रस्त्याच्या, बांधकामाच्या धुळीत वाढणाऱ्या आपल्या पोरांना ही सवय सर्रास असते. अशा डोळ्यावर लेसर मारणं म्हणजे कमकुवत भिंतीच्या विटा काढणं. यंत्रावर कॉर्नियाचा नकाशा काढल्याशिवाय हे कळत नाही. म्हणून नकाशा न काढता तारीख देणाऱ्या ठिकाणाहून सरळ उठून या.

याशिवाय गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी थांबावं. डोळे फार कोरडे पडणाऱ्यांनी, साखर ताब्यात नसलेल्यांनी, संधिवातासारखे आजार असलेल्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगावं. कॉन्टॅक्ट लेन्स लावत असाल तर तपासणीआधी डॉक्टर सांगतील तितके दिवस ती बंद ठेवावी, नाहीतर माप चुकतं.

नंतरचा त्रासही माहीत असू द्या. काही महिने डोळे कोरडे वाटतात, थेंब घालावे लागतात. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसू शकतात. रात्रपाळीत रिक्षा किंवा टेम्पो चालवणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं. कधी थोडा नंबर उरतो. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर गंभीर असतो. म्हणून सांगितलेले थेंब वेळेवर घालायचे आणि डोळे चोळायचे नाहीत.

लेसर घालवू शकत नाही अशा गोष्टी

आपल्याकडे "लेसर" या एका शब्दात सगळंच कोंबलं जातं. आजीच्या मोतीबिंदूला लेसर, काकांच्या साखरेच्या डोळ्याला लेसर, पोरीच्या नंबरालाही लेसर. ही तीन वेगळी कामं आहेत.

मोतीबिंदूत आतलं भिंग गढूळ झालेलं असतं. ते काढून नवीन भिंग बसवावं लागतं. त्यासाठी बहुतेक ठिकाणी वापरतात ती फेको पद्धत लेसरची नसून ध्वनिलहरींची असते. मधुमेहात मागच्या दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्या गळतात. तिथे मारतात तो लेसर नजर आणखी जाऊ नये म्हणून असतो, चष्मा घालवायला नाही. खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टी खूप अधू झाली होती. तशाही अवस्थेत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांनी पूर्ण केला. घरात कुणाला साखर असेल तर दिसत असलं तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या.

चाळिशीनंतर आतल्या भिंगाची लवचिकता जाते आणि सुईत दोरा ओवता येत नाही. विशीत लेसर केलेल्यालाही चाळिशीत वाचायचा चष्मा लागतोच. तो लागला म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही. तसंच, मोठा मायनस नंबर असलेल्याचा डोळा लेसरनंतरही लांबच राहतो. मागचा पडदा ताणलेलाच असतो. अचानक काळे ठिपके, विजेसारखी चमक किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि सर्वांत महत्त्वाचं. लहानपणी एका डोळ्याला मोठा नंबर असेल आणि चष्मा मिळाला नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. त्याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा लावून, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून तो बहुतेक वेळा सुधारतो. पुढे ते अवघड होत जातं. मोठेपणी लेसरने अशा डोळ्याचा नंबर काढला तरी नजर येत नाही, कारण उणीव मेंदूच्या शिकण्यात राहिलेली असते. "मोठी झाली की लेसर करू" म्हणून आज चष्मा टाळणारे आईबाप नेमकं हेच गमावतात. हे नुकसान पुढे कितीही पैसे टाकले तरी भरून येत नाही.

पैसा आणि नोकरी

दोन्ही डोळ्यांच्या लेसरचा खाजगी खर्च पद्धतीप्रमाणे वीस-पंचवीस हजारांपासून लाखाच्या पुढेही जातो. आरोग्य विम्यात साडेसातपेक्षा कमी नंबरासाठीचा खर्च साधारणपणे धरत नाहीत. उलट शाळकरी मुलांच्या चष्म्यासाठी सरकारी सोय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते, तीत नजरही बघतात. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून गरीब विद्यार्थ्यांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. शाळेत पथक कधी आलं होतं, आपल्या मुलाचं काय निघालं, हे मुख्याध्यापकांना विचारा. ती मेहरबानी नाही, आपला हक्क आहे.

बचत गटाचं कर्ज शिलाई मशीनला घ्या, फीला घ्या. मुलगी "पास" व्हावी म्हणून तिच्या डोळ्यांवर घेऊ नका. जे स्थळ चष्म्यावरून मोडतं, ते मोडलेलंच बरं.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना वेगळं सांगणं आहे. आमच्या ओळखीच्या एका मुलाने "सणाची सूट" बघून लेसिक करून घेतलं. नंतर रेल्वेत असिस्टंट लोको पायलटची जागा निघाली. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं की लेसिक झालेले उमेदवार या पदाला चालणार नाहीत. दवाखान्यात त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही कुणाला विचारलं नव्हतं. पोलीस, रेल्वे, सैन्य, निमलष्करी दल, प्रत्येकाचे डोळ्यांचे निकष वेगळे असतात आणि बदलतही असतात. काही पदांना चष्मा चालत नाही, काहींना लेसर चालत नाही, काहींना ठरावीक काळ गेल्यावर चालतो. आधी जाहिरातीतले वैद्यकीय निकष वाचा, मग डोळ्याला हात लावू द्या.

वय बसतं, नंबर स्थिर आहे, कॉर्निया चांगला आहे, पैसा जवळ आहे आणि स्वतःची इच्छा आहे, तर लेसर जरूर करा. भट्टीपुढे, स्वयंपाकघराच्या वाफेत किंवा मैदानात काम करणाऱ्याला त्याचा मोठा फायदा होतो. पण जायच्या आधी डॉक्टरांना हे विचारा: माझ्या कॉर्नियाची जाडी किती? नकाशा कसा आहे? ऑपरेशननंतर किती मायक्रॉन उरतील? कुठली पद्धत आणि तीच का? नंबर उरला तर पुढचा खर्च कुणाचा? उत्तरं कागदावर घ्या. उत्तर द्यायला जो कंटाळतो त्याच्याकडे डोळा देऊ नका.

आज घरी करायचं काम

मुलाला भिंतीवरच्या कॅलेंडरपासून दहा-बारा पावलांवर उभं करा. एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. तारखा वाचायला सांगा. मग दुसरा डोळा झाकून तेच. दोन्ही उघडे ठेवून तपासलं तर एका डोळ्याचा दोष लपून राहतो. एका डोळ्याने अडखळला, डोळे बारीक करू लागला, मान वाकडी केली, की नेत्रतपासणीला न्या. वस्तीत मोकळी जागा कमी आहे हे खरं, तरी पोरांना रोज दोनेक तास उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळू द्या. त्याने मायनस नंबर लागणं लांबतं, असं अभ्यासांतून दिसून आलं आहे.

त्या मुलीच्या आईचं मन पूर्ण वळलं असं नाही. पण मुलगी आता चष्मा लावून कॉलेजात जाते, एवढं आम्ही पाहिलं. लेसर करायचा की नाही, हे चार-पाच वर्षांनी ती स्वतः ठरवेल, स्वतःच्या कमाईतून. तोपर्यंत फळ्यावरचं तिला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येईल. पुढच्या महिन्यात विहारात पुन्हा तक्ता लावतो आहोत. पोरांना आणा, आणि घरात लपवलेले चष्मे असतील तर तेही घेऊन या.